जितकी हलकी, तितकी महाग

॥ कुलदैवत प्रसन्न ॥

मुक्काम नेकनूरच्या पुढे, जिल्हा बीड
कोजागरीचा दुसरा दिवस

आदरणीय अभिमन्यूदादा यांच्या सेवेशी,

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा अंगद याचा नमस्कार. तो वाकून केलेला आहे, पण दातओठ खात केलेला आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे धक्का बसायला नको. वहिनींची तब्येत कशी आहे? कोकणातल्या दमट हवेनं आपले गुडघे धरतात असं सुकन्या सांगत होती. धरोत बिचारे, पण फार नकोत. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हशी खुशाल आहेत, तलाव सांडव्यापर्यंत भरला आहे, सीताफळं डोळे उघडायला लागली आहेत आणि माझं डोकं दसऱ्याच्या आधीपासून तापलेलं आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर माझा आवाज चढला की आपण 'हॅलो, हॅलो, रेंज जातेय' म्हणता आणि ठेवून देता. कागदाला रेंज लागत नाही. शिवाय दादा आलेला कागद कधी न वाचता टाकत नाही असं सुकन्या म्हणते, तेव्हा हा घ्या कागद आणि बसा वाचत.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण आपण विसरल्याचं सोंग कराल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. श्रावणात आपण सुट्टी काढून आमच्याकडे आलात. सुकन्येनं आपल्याला तलावाच्या काठावर नेऊन पलीकडचा माळ दाखवला. तो माळ म्हणजे वर दगड आणि दगडाखाली आणखी दगड. आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा तो कुणालाच नको होता, म्हणून आमच्या वाट्याला आला, आणि मी तो मनातून सोडूनही दिला होता. सुकन्येनं तिथं कळशीनं पाणी घालून सीताफळं जगवली. सगळं गाव हसलं (मीही हसलो, पण घरातल्या घरात). यंदा ती झाडं पहिल्यांदा भरून लगडली. आता अडचण अशी की मध्ये तलाव आहे आणि रस्ता तलावाला वळसा घालून येतो. त्या रस्त्यावर खड्डे आहेत असं म्हणणं म्हणजे त्याला उगाच रस्ता म्हणून मान देणं झालं. टेम्पोत भरलेलं सीताफळ गावापर्यंत येता येता आपलं आपण फुटतं, आणि बीडच्या बाजारात आसाराम व्यापारी कॅरेटमध्ये बोट घालतो, ते चाटतो आणि विचारतो, 'अंगदराव, ह्ये फळ हाय का रबडी?' पाण्यावरून आणलं तर धक्का लागणार नाही, आणि अलीकडच्या काठापर्यंत चांगली डांबरी सडक आहे. तलाव पिण्याच्या पाण्याचा, म्हणून इंजिनाला मनाई. यावर आपण म्हणालात, दाजी, शिडाची होडी करा. एकच रुंद नको. दोन निमुळत्या होड्या थोड्या अंतरानं शेजारी ठेवा, दोन्हींवर आडवी फळी टाका, म्हणजे वर कॅरेटं ठेवली तरी कलंडायची नाही. आमच्या कारखान्यात अशाच बनतात, म्हणालात, श्रीमंत लोक त्यात बसून ऊन खातात. डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे हात करून म्हणालात, वारा तर तुमच्याकडे फुकट आहे. हे सगळं आपण एका चहात सांगितलंत आणि मला ते पटलं. माझं वाटोळं तिथून सुरू झालं.

मी कोण आहे हे ठाऊक असूनही आपण मला या फंदात पाडलंत, याचा मला जास्त राग आहे. मिसरूड फुटल्यापासून मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. आमच्या धंद्यात शास्त्र एकच, किलोवर भाव. दार असो, खिडकी असो, पाण्याची टाकी असो, माल काट्यावर चढवायचा, किती भरला ते बघायचं आणि भावानं गुणायचं. गिऱ्हाईक येतं, ट्रॉलीला लाथ मारतं आणि कान देऊन ऐकतं. पातळ आवाज आला तर नाक मुरडतं, भरीव आला तर तिथंच विसार देतं. लेकीच्या लग्नातली भांडी आपल्याकडे वजनावर घेतात, सोनं वजनावर घेतात, आणि मोडीत घालायची वेळ आली तरी माल वजनावरच जातो, म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत सगळा व्यवहार काट्याचा. जड म्हणजे जास्त माल आणि जास्त माल म्हणजे जास्त पैसे, यात न कळण्यासारखं काय आहे? आणि आपण फोनवर मला काय सांगितलंत? की होडीच्या सामानात जितकं हलकं तितकं महाग. दादा, मी तो फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत बसलो.

तरी आपला मान ठेवायचा म्हणून मी एसटीनं संभाजीनगरला गेलो. तिथल्या दुकानदारानं माझ्यापुढे दोन फळ्या ठेवल्या. लांबी तीच, रुंदी तीच, जाडीही तीच. एक उचलायला दोन माणसं लागावीत, आणि दुसरी मी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं मिशी नीट केली. मग तो म्हणाला, हलकी तिप्पट पैशाची आहे. मी त्याला सरळ विचारलं की तिप्पट पैसे मी देतोय तर उरलेला माल कुठं गेला. त्यावर त्यानं काचेचं कापड दाखवलं. काचेचं कापड, दादा. ते अंगाला लागलं तर खाज सुटते आणि भाव ऐकला की ताप येतो. मग रेझीन नावाचा मधासारखा एक पदार्थ दाखवला, ज्याच्या एका डब्याच्या पैशात घरात सणभर तूप पुरेल. कापडावर हे ओतायचं म्हणे, पण जास्त झालं की वजन वाढतं, म्हणून ओतून झालं की जास्तीचं निपटून काढायचं. म्हणजे तुपाच्या वर भाव देऊन घ्यायचं आणि फडक्यानं पुसून टाकायचं. मी म्हटलं, मग ते फडकंच विका ना मला, सगळा माल त्यातच आहे. त्यावर दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. विनोदावर हसली असती तर मी सोसलं असतं. ती माझ्यावर हसली. किलोमागे पैसे घेणारे लोक मी रोज बघतो, मीही त्यातलाच आहे. किलो कमी करायचे पैसे घेणारा बाजार मी जन्मात पहिल्यांदा बघितला आणि हात हलवत घरी आलो.

मग मी माझ्या अकलेनं होडी केली. पत्रा ट्रॉलीच्या तळाला वापरतो तो, जाड. चारी कडांनी अँगल. डोलकाठी बाभळीची, कारण बाभळीनं आजवर मला दगा दिलेला नाही. शिडाला ऊसतोडीवर राहायला बांधतात त्या कोपीवरची ताडपत्री, तीसुद्धा दुहेरी शिवून. होडीच्या पाण्यात बसणाऱ्या भागाला आपण काहीतरी इंग्रजी शब्द सांगितला होता, आम्ही त्याला पोट म्हणतो. तर अशी दोन पोटं तयार झाली, आणि वेल्डिंग असं की केस घालायला जागा नाही. एवढ्यात माझा चुलतभाऊ शहादेव आला. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे, त्यामुळे गावात कुठेही ठिणग्या उडताना दिसल्या की तो उद्घाटनाला येतो. तो म्हणाला, लोकांच्या सुरक्षेसाठी कठडा पाहिजे. कठडा झाला. मग म्हणाला, पाव्हणेरावळे आले तर बसायला खुर्ची पाहिजे. लोखंडी खुर्ची झाली. मग पत्र्यात कापून त्याचं नाव पुढच्या टोकाला बसवलं, त्याखाली 'मार्गदर्शक' असं थोड्या लहान अक्षरात (मोबदल्यात त्यानं हारांचा खर्च केला). सुकन्या भाकरी थापता थापता एकदा एवढंच म्हणाली, 'वजन कशाचं न्यायचंय? पत्र्याचं का सीताफळाचं?' मी तिला सांगितलं की ही तांत्रिक बाब आहे. (हे वाक्य तिनं लिहायला लावलं, एरवी मी गाळलं असतं.)

होडी पुरी झाल्यावर ती ट्रॉलीवर घालून मी नेकनूरच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेली. का नेली, असं आपण विचारू नये. काट्यावर चढल्याशिवाय नवा माल पुरा झाला असं आमच्याकडे कुणी मानत नाही. आकडा लागला आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काटेवाल्यानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, असा मान त्यानं आजवर कुणाला दिलेला नाही. मी पावतीचा फोटो काढून आपल्याला पाठवला आणि खाली विचारलं, कशी काय? आपलं उत्तर आलं, 'दाजी, एवढ्या वजनात आमच्या तीन होड्या होतात.' आता मला सांगा, शुद्धीवरच्या माणसानं याचा काय अर्थ घ्यायचा? मी असा घेतला की आपल्या कारखान्याच्या तीन होड्यांना माझी एक पुरून उरते. मी ते उत्तर तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शहादेवनं पेढे मागवले. त्या वेळी आपल्याला चार शब्द जास्त लिहायला काय झालं होतं? आपले हात काय रेझीनमध्ये अडकले होते?

होडी तरंगली, हे मी ठासून लिहितो, कारण आपल्या मनात ती बुडाली असणार. क्रेननं उतरवली, नारळ फोडला आणि ती तरंगली. फळीच्या खाली पाण्याला चार बोटं जागा होती. मग शहादेव हार घालून खुर्चीत बसला, दोन कार्यकर्ते कठड्याला धरून उभे राहिले, आणि दोन बोटं राहिली. मी शीड सोडलं. डोंगरावर पवनचक्क्या गरगरत होत्या, ताडपत्री फुगली, बाभूळ करकरली, काठावर लोकांनी फोन वर धरले. होडी जागची हलली नाही. वारा होता, शीड होतं, सगळं होतं, आणि ती तिथंच उभी होती. एवढ्यात आमच्या गावातल्या त्रिंबकची म्हैस काठावरून पाण्यात उतरली आणि आमच्या शेजारून पोहत पुढे गेली. जाताना तिनं एकदा आमच्याकडे वळून बघितलं, आणि काठावरच्या सगळ्या फोनांनी ते टिपलं. त्यानंतर होडी हलली, पण आडवी. बाभळीच्या वजनानं वरचा सगळा भाग डुलायला लागला, पुढचं टोक पाण्यात जाऊ लागलं, आणि आम्ही खेकड्यासारखे तिरके तिरके सांडव्याकडे निघालो. शहादेवनं हार काढून फेकला आणि स्वतःच्या नावातलं 'हा' घट्ट धरून बसला. शेवटी लोकांनी दोर टाकून आम्हाला ओढून आणलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, एवढाच काय तो या होडीचा फायदा.

माणसांच्या नाटकावरून होडीला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी मी सुकन्येखेरीज कुणाला न सांगता, खुर्ची काढून, काठाकाठानं होडी ढकलत पलीकडे नेली आणि भरलेली कॅरेटं चढवली. थोडी कॅरेटं चढली आणि पाणी फळीवर आलं. सुकन्या एक एक कॅरेट चढवत होती, ती तिनं एक एक करून उतरवली. म्हणजे ही होडी काय नेते, तर होडी नेते. मग मी आपल्याला फोन केला, आणि तेव्हा कुठे आपण शहाण्यासारखं बोललात. म्हणे, दोन पोटांच्या होडीला वजन हाच रोग. म्हणे, होडीतला एक एक किलो म्हणजे काठावर राहिलेला एक एक किलो सीताफळ. म्हणे, पैसा सगळीकडे सारखा ओतायचा नसतो; डोलकाठी, शीड आणि दोन्ही पोटांची टोकं, तिथं हलकं आणि महाग घ्या, कारण उंचावरचं आणि टोकाचं वजन सगळ्यात जास्त छळतं; मधल्या भागाला साधी जड फळी लावलीत तरी चालेल, तिथं पैसे वाचवा. दादा, हे इतकं सरळ होतं की मला समजलं, आणि समजलं म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपण म्हणता श्रावणातच सांगितलं होतं. सांगितलं असेल. पण चहा पिताना, हसत हसत, मधेच चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत असं म्हणत सांगितलेलं काही सांगणं असतं का? माणसाला धरून, दम देऊन सांगायचं असतं. ट्रॉलीचं हूक सैल असेल तर मी गिऱ्हाइकाला हसत हसत सांगतो का?

आता इथं काय चाललंय ते ऐका. तोडणी सुरू आहे. सुकन्या पहाटे पलीकडे जाते आणि पाटी डोक्यावर घेऊन तलावाच्या कडेकडेनं चालत येते, कारण डोक्यावरच्या पाटीला धक्का बसत नाही. तिच्या पाटीतल्या फळात आसारामला बोट घालता येत नाही, तो गुमान भाव देतो. पण पाटीत मावणार किती? बाकीचं फळ झाडावरच पिकतं आणि राघूंना जातं. तिनं कळशीनं जगवलेलं झाड, आणि खातात राघू. ती मला एका शब्दानं काही बोलत नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं. मी दुकानात वेल्डिंग करत बसतो आणि समोरच्या सडकेनं ती पाटी घेऊन जाताना दिसते, तेव्हा मी डोळ्यांवरची काच वर करत नाही. मला लाज वाटते. लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की पहिल्यांदा आपण आठवता.

तेव्हा आपला सल्ला आपल्यापाशी ठेवावा. यापुढे आमच्या काठावर आपल्याला चहा मिळेल, चिवडा मिळेल, शेंगदाणेही वाढवू, पण होडी या विषयावर तोंड उघडायचं नाही. मला आपल्याकडून काही नको. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना एरंडाचं तेल कोमट करून लावावं.

आपला, बहिणीमुळे नाइलाजानं,
अंगद

ता. क. : केवळ माहितीसाठी विचारतो, ती हलकी फळी आपल्या कारखान्यामार्फत घेतली तर थोडी स्वस्त पडते का? घ्यायची नाही. संभाजीनगरचा दुकानदार मला किती लुटत होता एवढंच बघायचं आहे. डोलकाठीला बाभळीऐवजी बांबू चालेल का, तेही कळवावं, पण सल्ला म्हणून कळवू नये.

आणखी एक ता. क. : लोखंडी होडी मी भंगारात देऊन टाकली. भंगारवाल्यानं ती काट्यावर घातली, आकडा बघितला आणि मान डोलावली. या सगळ्या प्रकरणात माझ्या कामाची कदर करणारा तेवढा एकच माणूस भेटला. त्याच्याकडून आले त्या पैशात एका पोटाचं हलकं सामान बसतं. दुसऱ्या पोटाचं बसत नाही, आणि एका पोटाची कलंडते असं आपलंच म्हणणं आहे.

शेवटचं : जावयानं मागितलं की सासरच्यांनी द्यायची रीत आहे, पण मी मागत नाही. भाऊबीज जवळ आली आहे. आपण दरवर्षी सुकन्येला साडी आणता. यंदा ओवाळणीत एक पोट घालावं. ताटात मावणार नाही, पण हलकं असल्यामुळे आपल्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. आणि आलाच आहात तर चार दिवस राहून ते रेझीन किती ओतायचं आणि किती पुसायचं ते दाखवावं. भाऊबीजेनंतरही माळावर उशिराची फळं असतात, ती तरी पाण्यावरून येतील. हे सुकन्येला कळू देऊ नये. तिला वाटेल मी मागितलं.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

दादा, पाकीट चिकटवायला माज्याकडंच दिलंय, म्हनून समदं वाचलं. होडी भंगारात दिली न्हाई ह्यांनी. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोनी बारीला त्याला च्या पाजून माघारी धाडला. काम उरकलं की काठावर जातेत, पत्र्यावरून हात फिरवतेत, कुटं गंज चढला का बघतेत आन गुमान घरी येतेत. तू सामान घेऊन ये. साडी न्हाई आनली तरी चालंल. पर आल्या आल्या नव्या होडीचं काडू नको. आदी ही मोडायची हाय, आन त्या वक्ताला तू ह्यांच्याजवळ उभा ऱ्हा. मी उभी राह्यले तर ह्यांच्यानं मोडवायची न्हाई.